प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी साथीत घरच्यांशी आणि बाकी जगाशी कसं जमवायचं?

निवडुंग

मंडळी, लिहू की नको करत बरेच दिवस गेले, शेवटी लिहितेच. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) आहे, जुना, आणि कोविड यायच्या थोडं आधीपासून रिटुक्सिमॅब चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे औषध रक्तातल्या बी पेशी काढून टाकतं, आणि अँटिबॉडी बनतात त्या या पेशींपासूनच. त्यामुळे सांधे शांत आहेत, सकाळी उठून स्वतःची वेणी स्वतः घालता येते, पण लशीचे सगळे डोस घेऊनही अँटिबॉडीच्या रिपोर्टात भोपळा.

२०२० मध्ये सगळेच घरात होते ते एका अर्थी सोपं गेलं, कारण सगळ्यांना एकच नियम. आता बाकीच्यांची साथ संपलीये. नवऱ्याचं ऑफिस भरलंय, मुलीची शाळा, मैत्रिणी, वाढदिवस सगळं सुरू, आणि मी घरभर खिडक्या उघडत फिरते. तर प्रश्न दोन. एक, घरात बाहेर जाणारी माणसं असताना तुम्ही नेमकं काय ठरवलंय? मास्क कुठे, वेगळं झोपणं कधी वगैरे. दोन, लोकांना सांगता का? सांगितलं तर "अगं तू तर मस्त दिसतेस", नाही सांगितलं तर मी माणूसघाणी. माझं मत असं झालंय की पोरीला सारखं नको नको म्हणण्यापेक्षा मोजक्या गोष्टी पक्क्या कराव्यात आणि बाकीच्या सोडून द्याव्यात, पण त्या मोजक्या कोणत्या यावरच आमच्याकडे वाजतं. अनुभव सांगा. औषधं सुचवू नका प्लीज, ती भरपूर आहेत.

मनमौजी

पहिला! सविस्तर नंतर लिहितो.

दुसरा_डाव

किडनी ट्रान्सप्लांटवाला हजर. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, तिन्ही आयुष्यभर. मास्कची सवय आम्हाला आधीपासूनच होती, ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे महिने मास्क लावूनच काढतात, आणि तेव्हा लोक मलाच काहीतरी पसरणारं झालंय समजून लांब सरकायचे. सोयीचं होतं ते :))

लशीचं म्हणशील तर तू एकटी नाहीस. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२१ मध्ये अवयव बसवलेल्या पेशंट्सची तपासणी केली होती, एमआरएनए (फायझर, मॉडर्ना) लशीच्या पहिल्या डोसनंतर १७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या आणि दुसऱ्यानंतर ५४ टक्के. म्हणजे दोन डोस घेऊनही जवळजवळ निम्मे कोरडेच. म्हणून तर ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने आमच्यासारख्यांना तिसरा डोस मंजूर केला, बाकीच्यांच्या आधी.

घरातला आमचा कडक नियम एकच: घसा खवखवला, नाक वाहायला लागलं की लगेच सांगायचं. आणि सांगणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण "कुठे गेला होतास, कुणाला भेटलास" असा पंचनामा सुरू झाला की पुढच्या वेळी पोरं खोकला उशीत दाबतात.

अर्धी_गोळी

दुसरा_डाव, पंचनामा शब्दाला +१.

मी ल्युपसवाली, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. माझी साथीतली सगळ्यात वाईट आठवण विषाणूची नाहीच, औषधाच्या दुकानाची आहे. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालतं अशी हवा झाली, मोठमोठे नेते टीव्हीवर बोलले, अमेरिकेत २८ मार्चला तातडीची परवानगी पण मिळाली, आणि धडधाकट माणसांनी ड्रॉवर भरून ठेवले. मी ती गोळी रोज घेते, वर्षानुवर्षं, ल्युपसचं ते पायाचं औषध आहे. दुकानदार म्हणाला नाहीये, पुढचा म्हणाला येईल तेव्हा फोन करतो. डॉक्टरांना विचारून उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या (आयडी तेव्हापासूनचा आहे), आणि व्हायचं तेच झालं, सांधे सुजले, चेहऱ्यावर चट्टा, ताप. आता गंमत बघा, ल्युपसच्या फ्लेअरचा (आजार भडकल्याचा) ताप आणि कोविडचा ताप दिसायला सारखाच, त्यामुळे टेस्ट, वेगळी खोली, सगळ्यांचे पडलेले चेहरे, हे पण सोबत.

मग जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या औषधचाचणीने (ट्रायल) सांगितलं की हॉस्पिटलमधल्या पेशंट्सना त्याचा काही फायदा नाही, आणि १५ जूनला ती अमेरिकन परवानगीही रद्द. ज्यांनी साठवल्या त्यांच्या गोळ्या एक्स्पायर झाल्या असतील. "सॉरी हं" म्हणायला कुणी आलं नाही.

खडूस

मी थोडं वेगळं बोलणार आहे, शिव्या नंतर द्या. वडिलांना मधुमेह आणि हृदयाचं दुखणं. त्यांना दोन वर्षं आम्ही काचेत ठेवलं. फिरणं बंद, मित्र बंद, नातवंडं दारातून. कोविड नाही झाला, पण माणूस अर्धा झाला, चालायचं विसरले, साखर वाढली, बोलणं कमी झालं. कोणता आजार जास्त वाईट ते मला आजही सांगता येत नाही. सगळं जग तुमच्यासाठी मास्क लावून बसणार नाही हे मान्य करावंच लागेल. जोखीम मोजावी आणि जगावं. निवडुंग, तुम्ही मुलीचं बालपण खिडकीपाशी अडकवताय असं मला स्पष्ट वाटतं.

निवडुंग

खडूसभाऊ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी मुलीला कुठेच अडकवलेलं नाही, ती शाळेत जाते, वाढदिवसालाही जाते. अडकलेय ती मी.

दुसरा_डाव

@खडूस, जोखीम मोजावी हे बरोबर. पण मोजायला आकडे लागतात, आणि आता कुणाकडे किती पसरलंय हेच कळत नाही कारण टेस्ट कुणी करत नाही. पूर्वी निदान रोजचा आकडा यायचा.

अर्धी_गोळी

आणि रोजचा आकडा सांगताना लगेच "यातल्या बहुतेकांना आधीपासून आजार होते" हे जोडायचं, ऐकणाऱ्याने हुश्श करावं म्हणून. आम्ही ते हुश्श घरात बसून ऐकत होतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) तेव्हाच्या संचालिका टीव्हीवर एका अभ्यासाबद्दल बोलल्या, की लस घेतलेल्यांमधले जे दगावले त्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त जणांना किमान चार आजार होते, आणि ही उत्साह वाढवणारी बातमी म्हणून सांगितलं गेलं! अपंग आणि दीर्घ आजारी लोक इतके चिडले की नंतर त्यांना संघटनांशी बोलून माफी मागावी लागली. माझे तर चार आजार सहज भरतील हो.

थंड_हात

वातावरण तापलंय म्हणून जरा अवांतर. मला स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होत जाते तो आजार) आणि त्यासोबत रेनॉड, म्हणजे थंडीत बोटांचा रक्तपुरवठाच आटतो, बोटं पांढरी निळी होतात. २०२१ मध्ये घरात ऑक्सिमीटर आला. पहिल्याच संध्याकाळी माझं बोट घातलं तर ८१. नवरा पांढरा, दीर ॲम्ब्युलन्सला फोन लावतोय, सासूबाई देवापुढे. मी शांतपणे म्हणतेय अहो मला दम लागला असता तर मी एवढी बडबड केली असती का. दहा मिनिटं हात गरम पाण्यात धरले, ९८. आता आमच्याकडे नियम आहे, आधी हात चोळा मग घाबरा.

मनमौजी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! आमच्या बहिणीने नेलपॉलिश लावून मोजलं होतं, त्याचं पण असंच.

स्टेथो

थंड_हात, किस्सा भारी, आणि नेलपॉलिशचंही खरं आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात हेही आलं होतं की सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्यामुळे आकडा चांगला आहे पण दम लागतोय, तर दम खरा धरायचा.

डॉक्टर आहे, पण इथलं वाचून कुणी गोळ्या बदलू नका. धाग्यात येऊन गेलेल्या गोष्टींवर थोडंसं लिहितो.

अँटिबॉडी शून्य म्हणजे लस पूर्ण वाया असं नाही. टी पेशींचा (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी) प्रतिसाद वेगळा असतो आणि तो रिटुक्सिमॅबवरच्या अनेक पेशंट्समध्ये दिसतो, फक्त नेहमीच्या लॅब टेस्टमध्ये तो मोजत नाहीत. तो लागण अडवेलच असं नाही, पण आजार गंभीर होऊ नये यासाठी कामाला येतो. पुढचा डोस घेताना वेळ जुळवायची असते, साधारणपणे रिटुक्सिमॅबच्या पुढच्या सायकलच्या महिनाभर आधी. मेथोट्रेक्सेट (सांधेदुखीत प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) घेणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये २०२२ ला एक ट्रायल झाली, बूस्टरनंतर दोन आठवडे गोळी थांबवली तर अँटिबॉडी जवळपास दुप्पट आल्या, मात्र त्या काळात सांधे भडकण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणून हे स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच.

स्टेरॉइड मात्र भीतीने अचानक बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतं, त्यात एकदम तोडलं तर ब्लडप्रेशर कोसळू शकतं, आणि आजारपणात तर शरीराला ते उलट जास्त लागतं. अजून एक, स्टेरॉइडवर ताप दबतो. टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधावर सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) वाढतच नाही. "ताप नाही म्हणजे काही नाही" हा हिशोब आपल्या मंडळींना लागू नाही.

इन्सुलीन_राणी

स्टेथो, टाइप वन मधुमेहवाल्यांना या धाग्यात प्रवेश आहे का? :) आमची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली नाही, पण साखर वर गेली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. आणि कोविड झालाच तर देतात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जीव वाचवणारं औषध आहे मान्य, रिकव्हरी ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते, पण ते घेतलं की साखर आभाळात. माझ्या वॉर्डातली नर्स दर थोड्या वेळाने मशीन बघायची आणि कपाळाला हात लावायची.

स्टेथो

प्रवेश आहेच. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र डेक्साचा फायदा दिसला नव्हता, तरी लोकांनी पहिल्या दिवसापासून घरी घेतलं. अनियंत्रित साखर अधिक स्टेरॉइड, यातून म्युकरचे (काळ्या बुरशीचे) किती पेशंट आले ते न बोललेलंच बरं.

मनमौजी

आता माझा सविस्तर. इम्युनिटी बूस्टर विकणाऱ्या आणि फॉरवर्ड करणाऱ्या तमाम काकालोकांना सांगा, मला सोरायसिस आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर चालून जाते तो. माझी इम्युनिटी आधीच इतकी बूस्टलेली आहे की बाहेर शत्रू मिळाला नाही तर घरातल्यांनाच चावते. तिला खाली बसवायला मी दर महिन्याला इंजेक्शन टोचून घेतो आणि तुम्ही मला तिला उठवायची पावडर पाठवताय. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

अर्धी_गोळी

दंडवत __/\__ हे मी प्रिंट काढून दाराला लावणार आहे.

कुंपणावर

मी दुसऱ्या बाजूचा. पेशंट नाही, पेशंटचा नवरा. बायकोची किमो चालू होती २०२१ मध्ये, पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असायचे, आणि नोकरी अशी की घरून होणारी नाही. घरात विषाणू आला तर तो माझ्याच नाकातून येणार हे आम्हा दोघांना माहीत होतं, बोलायचं कुणीच नाही. ऑफिसात कुणी शिंकलं की तो दिवस गेला, घरी जाऊन काय सांगू याचाच विचार. रात्री खोकला आला की तो दाबत बाथरूममध्ये जायचो आणि नळ सोडून खोकायचो, म्हणजे दुसरा_डाव म्हणतात तो उशीत दाबणारा फक्त पोरगाच असतो असं नाही, चाळिशीचा बाप्याही असतो. एके दिवशी तीच बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती. म्हणाली, तू लपवलंस तर मला तुझ्यावर चोवीस तास लक्ष ठेवावं लागेल, मला तेवढी ताकद नाहीये.

त्यानंतर आम्ही बसून ठरवलं. काही वाटलं की मी बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी, दोघांनाही एन९५, जेवण वेगवेगळ्या वेळी. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी दोन दिवसांनी परत, कारण सुरुवातीला ती चुकते. दोन्ही निगेटिव्ह आणि लक्षणं गेली की परत आत. हे आधी ठरलेलं असल्यामुळे त्या वेळी भांडण होत नाही, कुणी कुणाला घराबाहेर काढल्यासारखं वाटत नाही. निवडुंगताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. रोज काय करायचं यापेक्षा कुणी आजारी पडलं तर काय करायचं हे ठरवा. रोजचं आमचं अगदी साधं आहे, मी गर्दीत मास्क लावतो, घरात नाही.

आणि हो, बाहेर जाणाऱ्याला पण विचारत जा कधीतरी, कसा आहेस म्हणून.

निवडुंग

कुंपणावर, हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, मग म्हणाला "नळ सोडून खोकायची आयडिया चांगली आहे". मारलं त्याला.

खिडकी_उघडा

आयडीला जागतो आता. रोजचं साधं ठेवायचं असेल तर हवेकडे लक्ष द्या, पृष्ठभाग पुसत बसू नका. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०), आपण सोडतो त्या श्वासात ४०,००० च्या आसपास, म्हणजे खोलीतला आकडा जितका वर तितका तुम्ही इतरांनी सोडलेला श्वास घेताय. ८०० च्या खाली राहिलं तर मी बसतो, १५०० दिसलं की उठतो. मीटिंगरूममध्ये टेबलावर ठेवलं की साहेब स्वतःच दार उघडायला सांगतात, मला तोंड उघडावं लागत नाही. यंत्र विषाणू दाखवत नाही, फक्त हवा किती शिळी ते दाखवतं, आणि घरात हवा गाळायचं फिल्टर लावलं तर आकडा तोच राहील पण धोका कमी होईल, हे लक्षात ठेवा. कोर्सी-रोझेंथल बॉक्स शोधा, पंखा आणि फिल्टर चिकटपट्टीने जोडून घरी बनवतात, २०२० मध्ये निघालेली कल्पना आहे, दिसतो ओबडधोबड पण काम करतो.

मास्कला व्हॉल्व्ह असेल तर तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो, कुंपणावर यांच्यासारख्यांनी व्हॉल्व्हवाला घेऊ नये.

खडूस

खिडकी_उघडा, हे उपयोगी आहे, लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वडिलांना सकाळी मैदानात मित्रांबरोबर बसवायला लागलोय, तिथे यंत्राची गरज नाही. निवडुंग, बालपणाबद्दल मी जरा जास्तच बोललो. बाकी मत कायम.

ॲडमिन

मत कायम ठेवून बोललात तर धागा चालू राहील. एका आयडीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत, "अशक्तांनी घरात बसावं" छाप लिखाण इथे चालणार नाही.

अर्धी_गोळी

मी विचारणारच होते तो कुठे गेला.

घरात बसण्यावरून आठवलं. मी कितीतरी वर्षं ऑफिसात विचारत होते, फ्लेअरच्या दिवसांत घरून काम करू द्या. शक्यच नाही, सिस्टिम तशी नाही, सिक्युरिटी, टीम स्पिरिट. मार्च २०२० मध्ये आठवड्याभरात अख्खी कंपनी घरी. सिस्टिम तशी निघाली! आणि आता परत बोलावलंय, एचआर म्हणते सगळ्यांना एकच न्याय.

इन्सुलीन_राणी

डॉक्टरांच्या व्हिडिओ कन्सल्टेशनचं पण तेच. तेव्हा जमत होतं, आता वेटिंगरूममध्ये खोकणाऱ्यांच्या मधोमध बसून फक्त रिपोर्ट दाखवायचे.

थंड_हात

दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मी. मी आजाराचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक गूगल करतात, मग मला सल्ले नाहीतर श्रद्धांजलीचा चेहरा. मी सांगते, "मला इन्फेक्शन झेपत नाही, कुणाला सर्दी असेल तर आधी कळव, मी पुढच्या वेळी येईन." बस. आणि आपणच जागा सुचवायची, गच्चीत बसू, बागेत भेटू. नकार देताना दुसरा पर्याय हातात दिला की माणसं दुखावत नाहीत. भाच्याच्या लग्नात मी विधीला मागच्या दाराशी मास्क लावून होते, जेवायला थांबले नाही. नणंद रुसली होती, पण तिलाच नंतर सर्दी झाल्यावर तिने फोन करून "आज येऊ नकोस" सांगितलं, तेव्हा कळलं की पोचलंय.

दुसरा_डाव

मी उलट, सगळ्यांना सांगतो, शर्ट वर करून टाके दाखवायचे बाकी ठेवतो. एकदा सांगितलं की दरवेळी समजावत बसायचा त्रास संपतो. पण मला नोकरीत बढतीची चिंता नाही, ज्यांना आहे त्यांनी थंड_हात यांचं ऐकावं.

मोरपीस

धागा वर काढतेय, वर्ष उलटून गेलं पण मला आज सापडला. डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ ला आणीबाणी उठवली, तरी मी आत्ता कुठे या क्लबात येतेय. क्रोन्ससाठी (आतड्यांना सूज येण्याचा जुनाट आजार) पुढच्या महिन्यात बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन, सुरू होणार आहे. वर कुणी इव्हुशेल्डबद्दल लिहिलेलं दिसलं नाही, अँटिबॉडी थेट टोचतात ते, त्याचा उपयोग होईल का? आणि बाकी काय करून घेऊ?

स्टेथो

स्वागत म्हणवत नाही, पण या. इव्हुशेल्डला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली होती, नवे व्हेरियंट त्याला दाद देईनात म्हणून जानेवारी २०२३ मध्ये तिथे थांबवलं. त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या हातात आत्ता महिना आहे तो सोन्यासारखा आहे. लसी औषध सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या जास्त लागू पडतात. कांजिण्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) यांसारख्या जिवंत, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या, लसी नंतर देता येत नाहीत, त्या लागणार असतील तर किमान चार आठवडे आधी, म्हणजे आजच गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन करा. कोविडच्या नेहमीच्या लसी जिवंत नाहीत, त्या नंतरही चालतात. फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), नागिणीची रिकॉम्बिनंट (जिवंत नसलेली) लस, हिपॅटायटिस बी, यांची यादी घेऊन बसा. टीबी आणि हिपॅटायटिसची तपासणी ते करतीलच. घरच्यांनाही फ्लू-कोविडची लस घ्यायला लावा.

कोविड झालाच तर थांबून बघू नका, पॅक्सलोविड (कोविडवरच्या गोळ्या) पहिल्या पाच दिवसांत सुरू करावं लागतं. दुसरा_डाव यांच्यासारख्यांनी मात्र ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसची पातळी भलतीच वाढवतं.

दुसरा_डाव

हो, मला हे फ्रिजवर लिहून लावायला सांगितलंय. मोरपीस, सगळ्या औषधांची यादी फोनमध्ये आणि पाकिटात दोन्हीकडे ठेवा, अर्ध्या रात्री आठवत नाहीत.

मोरपीस

थँक्यू स्टेथो! डॉक्टरांना फोन लागला, परवा बोलावलंय. घरच्यांच्या लशीचं नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो मला सुईची भीती वाटते. मी आता दर काही आठवड्यांनी पोटात टोचून घेणार आहे आणि याला दंडाची भीती.

मनमौजी

त्याला इकडे पाठवा, मी माझं महिन्याचं इंजेक्शन त्याच्यासमोर घेतो. तिकीट लावू का?